कार्ड बसलं पाहिजे

आयबीएमने १९८१ साली पीसी ‘खुला’ करून जगावर उपकार केले, असं आमच्यातले काही जाणकार अजून लिहितात. त्यांनी त्या पीसीचं टेक्निकल मॅन्युअल उघडलेलं दिसत नाही. सर्किटच्या आकृत्या त्यात होत्या, मशीन सुरू करणाऱ्या बायोसचा अख्खा कोडही होता, पण त्यावर आयबीएमचा कॉपीराइट. पान वाढलेलं, हात लावला की कोर्ट. म्हणून कॉम्पॅकने तो कोड न पाहिलेल्या इंजिनिअरांना बसवून बायोस नव्याने लिहून घेतला. न वाचणं हीच तिथे पात्रता! १९८४ पासून फिनिक्सने तसाच बायोस कोणालाही विकायला काढला आणि क्लोनचं पीक आलं. या औदार्याला मी तरी औदार्य म्हणणार नाही.

१९८७ मध्ये आयबीएमने चूक सुधारली. पीएस/२ आला, त्यात कार्डं जोडायची नवी बस, मायक्रो चॅनल. बस उत्तम होती, हे मी आमच्या कंपूत शिव्या खाऊनही म्हणत आलोय. ३२ बिट, जंपरची कटकट नाही. पण जुनं एकही कार्ड बसेना, आणि नवं बनवायचं तर परवाना घ्या, रॉयल्टी भरा.

पुढच्या वर्षी कॉम्पॅक, एचपी, एप्सन, ऑलिव्हेटी वगैरे नऊ कंपन्यांनी मिळून त्याला उत्तर म्हणून स्वतःच्या बसचं ईआयएसए हे स्टँडर्ड जाहीर केलं. त्याचा स्लॉट मी पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा बराच वेळ नुसता बघत राहिलो. आत संपर्कांचे दोन मजले. आयएसए या जुन्या बसचं कार्ड वरच्या मजल्यावर अडायचं, नव्याला खाचा पाडलेल्या, ते खालपर्यंत उतरायचं. जुन्याला न हाकलता नव्याला जागा! महाग पडलं, सर्व्हरपलीकडे फारसं गेलं नाही. तरी माझा जीव त्यातच.

पोट मात्र साध्या आयएसएने भरलं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मशीन असेंबल करायचो तेव्हा प्रत्येक गिऱ्हाइकाचे आयआरक्यू, म्हणजे कोणतं कार्ड कोणत्या नंबरवर प्रोसेसरला हाक मारणार ते, वहीत लिहून ठेवायचो. प्रिंटर सातवर, साउंड कार्ड पाचवर. एकदा कॉम-वन पोर्टला माउस आणि कॉम-थ्रीला मॉडेम लावून दिला. दोघांचा आयआरक्यू चार. माउस हलवला की मॉडेम गप्प. गिऱ्हाईक म्हणालं, ‘शेठ, उंदीर फोन खातोय.’ एक जंपर हलवला, भागलं.

मग व्हीएल-बस, पीसीआय, एजीपी. पीसीआय जिंकलं, रास्तच जिंकलं. त्यावर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

आता बऱ्याच लॅपटॉपात रॅमसुद्धा बोर्डाला डकवलेली. हातात उरली ती केबल. तिच्या टाइप-सी तोंडाचं कौतुक मीही केलं होतं, युरोपने २०२४ अखेर फोनना ते सक्तीचं केलं तेव्हा पेढे वाटायचेच राहिले होते. पण तोंड सारखं असलं म्हणून गुण सारखे नसतात: एक केबल चित्र दाखवते, दुसरी फायली हळूहळू नेते, तिसरी फक्त चार्ज करते, आणि बाहेरून ओळखायची सोय नाही. परवा ड्रॉवरमधल्या सगळ्या काढून एकेक लावून पाहिली आणि चिकटपट्टीवर लिहून टाकलं: ‘ही टीव्हीची’, ‘ही नुसती चार्जिंगची’. वही नाही तर चिकटपट्टी.