अर्ध्यात न थांबणारं यंत्र

दाराची बिजागरी, मोटरसायकलचं चेनकव्हर, पंख्याच्या मोटरीतल्या पातळ चकत्या, बोल्टखालचा वॉशर, कपाटाचं कुलूप. आपल्या घरातल्या पत्र्याच्या असल्या बहुतेक वस्तू कधी ना कधी पॉवर प्रेसखालून गेलेल्या असतात. भोसरी, चाकण, नाशिकचं सातपूर-अंबड, वाळूज, कोल्हापूरजवळचं शिरोली या पट्ट्यांतल्या गाळ्यांसमोरून चालत गेलं, तर शटर अर्धं खाली असलं तरी तिचा ठोका ऐकू येतो. यंत्र दिसायला साधं आहे. इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी जाड चौकट, माथ्याजवळ भलंमोठं फ्लायव्हील आणि पुढच्या बाजूला खाली-वर होणारा रॅम. रॅमला पंच बांधलेला, खाली टेबलावर डाय बसवलेली. दोघांच्या मध्ये पत्रा ठेवायचा, पायानं पेडल दाबायचं, की रॅम उतरतो आणि नग कापला, वाकवला किंवा ओढला जातो.

या यंत्राची चौकट झिजत नाही. चाळीस-पन्नास वर्षं जुन्या प्रेस आजही रोज पाळीला लागतात, त्या त्यामुळेच. मोठ्या कारखान्यात नवी यंत्रं आली की जुनी प्रेस लिलावात निघते, व्यापारी ती उचलतो, साफ करतो, हिरवा रंग मारतो आणि ती एखाद्या लहान गाळ्यात जाऊन बसते. तिथून पुन्हा एखाद्या त्याहून लहान गाळ्यात. दर फेरीत तिच्यासोबतची एखादी वस्तू गळते. आधी माहितीपुस्तिका, मग फ्लायव्हीलवरचं झाकण, मग पेडलवरची कमान, आणि डायभोवतीचा गार्ड तर बहुधा पहिल्याच हस्तांतरात. टिकून राहतो तो क्लच. माणसांची बोटं जातात ती मुख्यतः या क्लचमुळे, म्हणून तो नीट समजून घ्यायला हवा.

जुन्या यांत्रिक प्रेसमध्ये चावीचा किंवा पिनचा क्लच असतो. मोटर पट्ट्यानं फ्लायव्हील सतत फिरवत राहते, क्रँकशाफ्ट मात्र स्थिर असतो. पेडल दाबलं की सळई ओढली जाते, अडसर बाजूला होतो, स्प्रिंगच्या जोरावर चावी फिरून फ्लायव्हीलच्या खाचेत बसते. त्या क्षणी चाक आणि शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. शाफ्टची एक फेरी झाली की अडसर चावीला पुन्हा बाहेर काढतो आणि पट्टा-ब्रेक रॅमला वरच्या टोकाला धरून ठेवतो. या फेरीच्या मध्ये कुठेही चावी सोडवण्याची सोय नाही. एकदा गुंतली की रॅम खाली जाणार, तळ गाठणार, वर येणार. पेडलवरचा पाय काढा, मोटरचं बटण बंद करा, मुख्य स्विच पाडा, फ्लायव्हीलमध्ये साठलेली गती ती फेरी पुरी करतेच.

मिनिटाला साठ ठोके मारणारी प्रेस घेतली तर एक फेरी एका सेकंदाची, आणि रॅम वरून खाली यायला अर्धा सेकंद. हात डायमध्ये असताना चावी गुंतली, तर माणसाला मिळतो तो वेळ इतकाच. धोका आहे हे कळणं, हात मागे घ्यायचं ठरवणं आणि तो बाहेर काढणं, सगळं त्यातच.

पेडल दाबलंच नाही तर चावी गुंतेलच कशी, असं कुणी विचारेल. गुंतते. कारागीर त्याला ‘प्रेस डबल पडली’ म्हणतात. अडसराचं टोक झिजलं, त्याची स्प्रिंग थकली किंवा तुटली, सळई तेल-धुळीत अडकून पूर्ण परत आली नाही, तर चावी बाहेर न निघता दुसरी फेरी घेते. पट्टा-ब्रेक सैल पडला किंवा त्याच्या अस्तरावर ग्रीस उतरलं, तर शाफ्ट वरच्या टोकाला न थांबता पुढे घसरतो. पेडल उघडं असेल तर वरून पडलेला भंगाराचा तुकडाही स्ट्रोक सोडतो. आणि दुसरा स्ट्रोक नेमका पडतो तेव्हा कामगाराचा हात तयार नग काढण्यासाठी डायमध्ये गेलेला असतो, कारण पहिला स्ट्रोक संपल्यावर हात आत घालायचा हेच त्याचं काम आहे.

भोसरीतल्या एका गाळ्यात एका ऑपरेटरचं काम मी बराच वेळ पाहत होतो. डाव्या हातानं चकती उचलायची, डायच्या गेजला टेकवायची, हात मागे, पाय खाली, ठोका. उजव्या हातानं वाटीसारखा झालेला नग काढून क्रेटमध्ये. तोवर डावा हात पुढची चकती घेऊन आलेला. या हालचालीत एक सफाईदार लय होती आणि बोलतानाही ती तुटत नव्हती. डायभोवती काहीच नव्हतं. मी प्रेसबद्दल विचारलं तेव्हा तो म्हणाला, “चांगलीय, साहेब. कधीमधी डबल पडते. पण आवाजावरून कळतं आपल्याला.” चावी चुकीची बसताना एक वेगळी खट्ट येते, ती त्याच्या कानात बसलेली होती. त्याच्या कौशल्याबद्दल मला शंका नाही. पण ती खट्ट ऐकू येते तेव्हा रॅम निघालेला असतो.

मिनिटाला बारा ते पंधरा नग धरले तर आठ तासांच्या पाळीत तो साधारण सहा-सात हजार वेळा हात डायखाली घालतो. भिंतीवर मात्र पाटी असते, ‘लक्ष देऊन काम करा’. अपघात झाला की पहिला शेरा तोच येतो, त्याचं लक्ष नव्हतं. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो आणि तांत्रिकदृष्ट्याही तो खोटा आहे. डबल पडलेल्या प्रेसपुढे सावध माणूस आणि बेसावध माणूस सारखेच असतात. सहा हजार वेळा बिनचूक राहण्याची जबाबदारी माणसावर टाकायची आणि झिजलेल्या अडसराची जबाबदारी कुणावरच नाही, असा हा हिशेब आहे.

नव्या प्रेस वेगळ्या आहेत. हवेच्या दाबावर चालणारा घर्षण-क्लच फेरीच्या कोणत्याही टप्प्यावर सुटतो. ब्रेक स्प्रिंगनं लागतो, त्यामुळे हवा गेली किंवा वीज गेली तरी प्रेस थांबते. अशा प्रेसपुढे प्रकाशकिरणांचा पडदा लावता येतो. हात किरण तोडून आत आला की रॅम जागच्या जागी थांबतो. हा पडदा डायपासून किती लांब लावायचा याचा हिशेब आंतरराष्ट्रीय मानकांत आहे. पडदा जवळ असेल तर हाताचा वेग सेकंदाला २,००० मिलिमीटर धरतात. प्रेस थांबायला ०.२ सेकंद लागत असतील तर पडदा निदान ४०० मिलिमीटर दूर हवा. चावीच्या क्लचला हे गणितच लागू होत नाही, कारण तिथे थांबण्याचा वेळ म्हणून काही नाहीच. तरीही जुन्या प्रेसवर असा पडदा बसवून तो मोटरच्या स्विचला जोडला की झालं, असं समजणारे आहेत. तपासनीसाला दाखवायला तो छान दिसतो. हात आत गेल्यावर मोटर बंद होते आणि रॅम खाली येतोच. दोन हातांची बटणंही इथे अर्धीच सोबत करतात. पेडलवर चुकून पाय पडण्याचा धोका त्यांनी जातो, पण डबल पडते तेव्हा दोन्ही हात बटणं सोडून डायकडे गेलेले असतात.

जुन्या प्रेसवर खऱ्या अर्थानं चालणारा उपाय जुनाच आहे आणि महाग नाही. डाय चारी बाजूंनी बंद करायची. जाळी, पत्रा किंवा पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा गार्ड, बोल्टनं घट्ट बसवलेला, आणि पट्टी सरकवण्यापुरती फट. डायच्या अगदी जवळ ही फट सहा मिलिमीटरपेक्षा जास्त नको, म्हणजे पत्रा जातो आणि बोट जात नाही. प्रेस दहा वेळा डबल पडली तरी नग खराब होईल, हात बाहेरच राहील. क्लच कसा आहे यावर हा गार्ड अवलंबून नाही, हेच त्याचं मोठेपण.

अडचण येते ती दुसऱ्या टप्प्याच्या कामात. आधीच वाकवलेला किंवा वाटीसारखा ओढलेला नग फटीतून जात नाही, म्हणून गार्ड निघतो आणि मग तो कायमचाच कोपऱ्यात जातो. तिथे सरकती ट्रे हवी, नग प्रेसबाहेर तिच्यात ठेवायचा आणि ट्रे आत ढकलायची. किंवा क्लचशी जोडलेला सरकता दरवाजा हवा. तो पूर्ण बंद झाल्याशिवाय चावी गुंतत नाही आणि फेरी संपेपर्यंत तो उघडत नाही. चिमटा आणि चुंबकाची दांडी यांचा उपयोग आहे, पण गार्डच्या बदल्यात नव्हे. घाई झाली की पहिला बाजूला पडतो तो चिमटाच. डाय बदलताना रॅमखाली टेकू लावणं आणि फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहणं, या गोष्टींना तर पैसेही लागत नाहीत.

ब्रिटननं १९६५ मध्ये पॉवर प्रेससाठी स्वतंत्र नियम केले. डाय बसवल्यावर, आणि प्रत्येक पाळीच्या पहिल्या चार तासांत, नेमलेल्या प्रशिक्षित माणसानं गार्ड तपासून सही करायची. हे कलम १९९८ च्या नव्या नियमांतही राहिलं. आपल्याकडे कायदा नाही असं मुळीच नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याचं २१ वं कलम धोकादायक भागांना कुंपण घालायला सांगत आलं. पण विजेवर चालणाऱ्या जागेला कारखाना म्हणण्यासाठी निदान दहा कामगार लागत, ती मर्यादा महाराष्ट्रानं २०१५ च्या दुरुस्तीत वीसवर नेली आणि केंद्राच्या कामगार-सुरक्षेच्या २०२० च्या संहितेतही ती वीसच आहे. चार प्रेस आणि आठ माणसं असलेला गाळा या व्याख्येत बसत नाही. जुन्या प्रेस नेमक्या तिथेच पोचलेल्या असतात.

बोट गेल्यावर काय मिळतं तेही पाहा. भरपाईच्या १९२३ च्या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत प्रत्येक बोटाचा दर छापलेला होता. पूर्ण अंगठ्यासाठी कमाईक्षमतेची हानी ३० टक्के, तर्जनीसाठी १४, मधल्या बोटासाठी १२, अनामिका किंवा करंगळीसाठी ७. कर्मचारी राज्य विमा योजनेत कायम अपंगत्वाचा लाभ वेतनाच्या ९० टक्क्यांवर या प्रमाणात मिळतो. महिना १५,००० रुपये मिळवणाऱ्या कामगाराची तर्जनी गेली तर दरमहा १,८९० रुपये. त्या पैशात तो स्क्रूड्रायव्हर धरू शकत नाही, बारीक काम मिळवू शकत नाही, आणि पुन्हा प्रेसवर बसायला त्याचा पाय धजत नाही.

मानेसर-गुरुग्राम भागात ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था वाहन उद्योगातल्या जखमी कामगारांना विम्याचे हक्क मिळवून देते. २०१९ पासून ती ‘क्रश्ड’ नावाचा अहवाल काढते आणि त्यात हात-बोटं चिरडणाऱ्या यंत्रांत पॉवर प्रेस वर्षानुवर्षं अग्रभागी आहे. या संस्थेचा आग्रह असा, की मोठ्या वाहन कंपन्यांनी आपल्या पुरवठा साखळीच्या अगदी खालच्या पायरीपर्यंत जाऊन पाहावं. मलाही हाच रस्ता खरा वाटतो. नगाचा दर पैशांपैशांनी घासून ठरवणाऱ्या कंपनीचे लोक गुणवत्ता तपासायला त्या गाळ्यात येतातच. कापलेल्या कडेची बर मोजताना डायभोवती गार्ड आहे का, एवढं पाहायला वेगळी फेरी लागत नाही. गार्ड नसेल तर माल घ्यायचा नाही, असं त्यांनी एकदा ठरवलं तर पुढचा गार्ड दुसऱ्या दिवशी बसेल.

दुसरी विनंती चावीच्या क्लचची जुनी प्रेस विकणाऱ्या कारखान्यांना. तुम्हाला जी आपल्या छताखाली धोक्याची वाटली, ती चालू स्थितीत लिलावात काढू नका. क्लच बदलून, गार्डसकट विका. ते परवडत नसेल तर आधी क्रँकशाफ्ट गॅसकटरनं कापा आणि मगच ती भंगाराच्या भावानं द्या.