हिललाईन ठाण्यातल्या गोळ्या

२ फेब्रुवारी २०२४ च्या रात्री उल्हासनगरच्या हिललाईन पोलीस ठाण्यात, चक्क वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, गोळीबार झाला. झाडणारे कल्याण पूर्वचे तेव्हाचे भाजप आमदार गणपत गायकवाड. जखमींमध्ये शिंदे यांच्या शिवसेनेचे महेश गायकवाड. वाद द्वारली गावच्या जमिनीचा. दोन्ही पक्ष तेव्हा राज्यात एकत्र सत्तेत होते. महेश गायकवाड वाचले, आणि नोव्हेंबरच्या विधानसभा निवडणुकीत आमदारांच्या पत्नी सुलभा गायकवाड यांच्याविरुद्ध अपक्ष उभे राहून हरलेही.

गोळीबारानंतर आमदारांनी एका वृत्तवाहिनीला फोनवरच सांगून टाकलं, की पोलिसांदेखत आपल्या मुलाला मारहाण होत होती, म्हणून स्वसंरक्षणासाठी गोळ्या झाडल्या, पश्चात्ताप नाही.

मुलासाठी झाडलेली गोळी स्वसंरक्षणात बसते? बसू शकते. भारतीय दंड संहितेचं कलम ९७ दुसऱ्याचा जीव वाचवण्याचाही हक्क देतं. मृत्यूची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल, तर कलम १०० नुसार हल्लेखोराचा जीव गेला तरी गुन्हा ठरत नाही. (१ जुलै २०२४ पासून हीच तत्त्वं भारतीय न्याय संहितेत, कलम ३४ ते ४४ मध्ये आहेत.) खरी मेख कलम ९९ मध्ये आहे. सरकारी यंत्रणेकडे धाव घ्यायला वेळ असेल, तर हा हक्क उरत नाही. इथे तर यंत्रणा त्याच दालनाची मालक! शिवाय सर्वत्र दाखवलेल्या सीसीटीव्ही चित्रणात गोळ्या झाडल्या जातात त्या दालनात बसलेल्या माणसांवर. मुलाला धोका होता तो नेमका त्यांच्यापासूनच, आणि त्याच क्षणी, हे बचाव पक्षाला पटवून द्यावं लागेल.

ते निःसंशय सिद्ध करावं लागत नाही, संभाव्य वाटलं तरी पुरतं. जिवाच्या भीतीत सापडलेला माणूस तराजू घेऊन वार तोलत बसत नाही, हे न्यायालयांनी वारंवार मान्य केलंय.

मग 'मारायचं नव्हतं' म्हटलं तर? कलम ३०७ खाली, म्हणजे खुनाच्या प्रयत्नात, हेतू ठरतो तो आरोपीच्या शब्दांपेक्षा कृतीवरून. हत्यार कोणतं, गोळ्या किती, अंतर किती, नेम कुठे, समोरचा कोसळल्यावर हात थांबला का? गोळी चुकली तरी गुन्हा होऊ शकतो.

हेच प्रश्न वर्दीलाही लागू होतात. २३ सप्टेंबर २०२४ रोजी बदलापूरच्या शाळेतल्या लैंगिक अत्याचार प्रकरणातला आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गाडीत मारला गेला. त्याने पिस्तूल हिसकावून गोळी झाडली, म्हणून बचावासाठी प्रत्युत्तर दिलं, असं पोलिसांचं म्हणणं. गोळी डोक्यात लागली होती. हातापायावर का नाही झाडली, असं मुंबई उच्च न्यायालयाने विचारलं. दंडाधिकाऱ्यांच्या अहवालात, त्या पिस्तुलावर त्याच्या बोटांचे ठसे नसल्याची नोंद आहे. ७ एप्रिल २०२५ रोजी उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला.