पाठ आखडते म्हणून धंदा सोडू नका, धंद्याचं वेळापत्रक बदला



मागच्या एका बॅचमध्ये २७ वर्षांचा एक मुलगा होता. मोबाइल रिपेअरिंगचा कोर्स केलेला, हात एकदम साफ, तालुक्याच्या गावी गाळा बघून ठेवलेला. शेवटच्या दिवशी मला बाजूला घेऊन म्हणाला, "सर, मला अँकायलोझिंग स्पॉन्डिलायटिस निघालंय. घरचे म्हणतात दुकानाचा नाद सोड. तुम्ही सांगा, सोडू का?"

मी लगेच उत्तर दिलं नाही. "तू करू शकतोस" असं म्हणायला आम्हा ट्रेनर लोकांचं काही जात नाही. भांडवल त्याचं जाणार होतं आणि पाठही त्याचीच होती. म्हणून आधी आम्ही तो आजार नीट समजून घेतला आणि मग त्याचा प्लॅन पुन्हा कागदावर मांडला. तेच आज तुमच्यासमोर ठेवतोय.

हा म्हातारपणचा संधिवात नाही. यात शरीराची प्रतिकारशक्तीच आपल्या सांध्यांवर उलटते आणि सूज आणते. सुरुवात बहुतेकदा कणा आणि कमरेचं हाड जिथे जुळतात तिथून होते. साधारण पंचेचाळिशीच्या आत, बऱ्याचदा विशीत-तिशीतच हा आजार सुरू होतो. म्हणजे बघा, आपण धंद्यात पडतो नेमकं ते वय.

याची ओळख नेहमीच्या कंबरदुखीच्या उलटी आहे. ओझं उचलून भरलेली कंबर झोपून बरी होते. इथे पडून राहिलं की दुखणं वाढतं आणि हालचाल केली की सुटतं. पहाटे दुखण्याने जाग येते, उठल्यावर अर्धा तास, तासभर पाठ लाकडासारखी. असं ३ महिन्यांच्या वर चाललं असेल तर रुमॅटॉलॉजिस्टकडे जा, म्हणजे संधिवाताच्या तज्ज्ञाकडे. एक्स-रे साफ आला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यात बदल दिसायला कित्येक वर्षं लागू शकतात, एमआरआयमध्ये सूज आधी दिसते. आणि एचएलए-बी२७ ही रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे आजार आहेच, असंही नाही.

आमच्या या मुलाने ४ वर्षं "गादी सरकली असेल" म्हणत झोपून काढली. मध्ये एका हाड बसवणाऱ्याकडेही जाऊन आला. ते तर अजिबात करू नका. ताठर झालेल्या कण्याला झटके दिले तर फ्रॅक्चर होऊ शकतं.

आता धंद्याकडे येऊ. त्याचा मूळ प्लॅन असा होता: सकाळी ८ ला शटर वर, रात्री ९ पर्यंत खुर्चीत बसून, मान खाली घालून काम, "एका तासात मोबाइल दुरुस्त" असा बोर्ड. मी म्हटलं, "अरे, तुझी सर्वात कमजोर वेळ तू गिऱ्हाइकाला विकतोयस!"

दुकानाची वेळ सकाळी साडेदहा केली. उठल्यावर गरम पाण्याची अंघोळ, फिजिओथेरपिस्टने शिकवलेले ताणाचे आणि दीर्घ श्वासाचे व्यायाम, थोडं चालणं. हे त्याच्या आजाराचं औषधच आहे, म्हणून वेळापत्रकात ते पहिल्या गिऱ्हाइकाच्या वरच्या ओळीत लिहिलं. सुताराकडून टेबल छातीच्या उंचीचं करून घेतलं, उभं राहून काम होईल असं. मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर. वाजला की टेबल सोडून काउंटरवर. बोर्डावरचा "एका तासात" गेला, "उद्या संध्याकाळी" आला. थोडी गिऱ्हाइकं त्यामुळे जातील हे आम्ही धरूनच चाललो. पण दुखणं उसळलं त्या दिवशी दिलेला शब्द मोडला, तर गिऱ्हाईक जातंच, वर नावही जातं. शिवाय चांगल्या दिवशी काम लवकर झालं तर फोन करून बोलवायला कोण अडवतंय? दुपारी तीन तास एक शिकाऊ मुलगा ठेवला. त्याचा पगार सुरुवातीला जड वाटला, पण तो नसता तर दोन दिवसांचं दुखणं म्हणजे दोन दिवस कुलूप.

पैशांचं जरा नीट ऐका. सुरुवातीला डॉक्टर बहुधा सूज कमी करणाऱ्या वेदनाशामक गोळ्या देतात. त्या मेडिकलमधून मनाने घेऊन वर्षानुवर्षं खाऊ नका, पोट आणि किडनी दोन्हीला त्रास होऊ शकतो. तेवढ्याने भागलं नाही तर बायोलॉजिक इंजेक्शनं असतात, आणि ती सुरू करण्याआधी टीबीची तपासणी होते. ही इंजेक्शनं महाग. पण २०१४ मध्ये अॅडालिम्युमॅबची जगातली पहिली बायोसिमिलर आवृत्ती भारतातच बाजारात आली, तेव्हापासून डॉक्टरांना स्वस्त पर्यायाबद्दल विचारता येतं. विचारायला लाजू नका. हा खर्च गल्ल्यातून लागेल तसा काढायचा नाही. भाडं, वीजबिल यांच्या शेजारी "औषध" अशी ठरलेली ओळ लिहा आणि ती धरून ब्रेक-इव्हन काढा. आकडा जमत नसेल तर प्लॅन बदला, डोस नाही.

आरोग्य विमा काढताना आजार लपवू नका. क्लेमच्या वेळी तेच अंगावर येतं. २०२४ च्या नियमांनुसार आधीपासूनच्या आजाराचा प्रतीक्षाकाळ जास्तीत जास्त ३ वर्षं आहे, पूर्वी ४ होता. म्हणून धंदा स्थिरावण्याची वाट न बघता विचारणा आजच सुरू करा. भागीदार असेल तर त्यालाही आधीच सांगा. गिऱ्हाइकाला सांगायची गरज नाही.

क्रिकेटवाल्यांना इंग्लंडचा कप्तान मायकेल अॅथर्टन आठवत असेल. त्यालाही हाच आजार. १९९५ मध्ये जोहान्सबर्गला ६४३ मिनिटं खेळून नाबाद १८५ धावा काढल्या आणि कसोटी वाचवली. तुम्ही तेवढं ताणायला जाऊ नका, त्याच्यामागे अख्खी टीम आणि डॉक्टर होते!

आणखी दोन गोष्टी. सिगारेट ओढत असाल तर बंद करा, कण्याचं नुकसान तिने वाढतं. आणि डोळा अचानक लाल होऊन दुखायला लागला, उजेड सहन होईना, तर "आले असतील डोळे" म्हणून थेंब टाकत बसू नका. या आजारात डोळ्याच्या आतही सूज येते. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

त्या मुलाचं दुकान सुरू होऊन आता ११ महिने झाले. पहिले ४ महिने तोट्यात गेले, सहाव्यात खर्च निघाला. पावसाळ्यात एकदा ६ दिवस दुखणं उसळलं, तेव्हा शिकाऊ मुलाने स्क्रीन आणि बॅटरीची कामं सांभाळली, बोर्डाची अवघड कामं परत करावी लागली. मागच्या आठवड्यात त्याचा फोन आला होता. शेजारचा गाळा रिकामा होतोय, घेऊ का म्हणून विचारत होता. मी म्हटलं, औषधाची ओळ धरून हिशेब पाठव, मग बोलू. अजून आलेला नाही.