दिवा आणि भिंत

काही शब्द उंबरठा ओलांडून आत आले, की घर गप्प होते. डॉक्टरांच्या कागदावरचा ‘रेडिएशन’ हा त्यांपैकीच एक. मला शब्दांची मुळे खणून पाहण्याची जुनी खोड. याही शब्दाचे मूळ शोधले, तर ते सापडले चक्क एका चाकात!

लॅटिन भाषेत ‘राडिउस’ म्हणजे चाकाचा आरा. लहान मूल सूर्य काढते तेव्हा मधे एक गोल आणि भोवती रेघाच रेघा ओढते. रोमन लोकांनाही सूर्य तसाच दिसला असावा. किरणाला त्यांनी आऱ्याचेच नाव दिले आणि त्यावरून ‘राडिआरे’, म्हणजे झळकणे, किरण फेकणे, हे क्रियापद बनवले. दुसऱ्यावर किरण टाकून ते उजळायचे असेल, तर ‘इर्राडिआरे’. इंग्रजीतले ‘रेडिएट’ आणि ‘इरॅडिएट’ ही याच दोघांची लेकरे. भूमितीतली त्रिज्या, मनगटाकडे जाणारे हाताचे एक हाड आणि गाणी ऐकवणारा रेडिओ हेही याच गोतावळ्यातले.

आपल्याकडचे चित्र निराळे. ‘किरण’ हा शब्द संस्कृतातल्या ‘कॄ’ या धातूपासून आला, असे परंपरा सांगते. त्याचा अर्थ विखुरणे, उधळणे. ‘विकीर्ण’, ‘प्रकीर्ण’ ही त्याचीच भावंडे. रोमनांना प्रकाशात चाक दिसले, आपल्या पूर्वजांना उधळण!

‘इरॅडिएट’चा अर्थ दीर्घकाळ उजळणे एवढाच होता. ज्ञानाने मन उजळते, हसण्याने चेहरा उजळतो, तसे. पुढे १८९५ मध्ये रंटगेन यांना क्ष-किरण सापडले. १८९६ मध्ये बेक्वेरेल यांना युरेनियममधून आपोआप निघणारे किरण दिसले. १८९८ मध्ये मारी आणि पिएर क्युरी यांनी अशा पदार्थांसाठी ‘रेडिओअ‍ॅक्टिव्ह’ हे विशेषण वापरले आणि त्याच वर्षी रेडियम शोधले. १९४५ मध्ये हिरोशिमा झाले आणि उजेडाच्या या शब्दावर काळी सावली पडली, ती आजतागायत.

माझ्या मावशीच्या उपचारांसाठी काही आठवडे मी रुग्णालयात बसत असे. तिथल्या बाकांवर ‘रेडिएशन’ हा शब्द क्वचितच ऐकू येई. कुणी म्हणे, ‘आम्हाला पंचवीस लाइट सांगितल्यात.’ कुणी म्हणे, ‘आज तिसरा शेक.’ मावशीने मात्र नातवाला जवळ घेणे सोडले होते. ‘माझ्या अंगातून किरण निघत असतील तर?’ हे तिने एकदा यंत्रावरच्या मुलालाच विचारले. तो हसून म्हणाला, ‘आजी, दिवा बंद केल्यावर भिंत उजेड देते का?’

सगळे मर्म इथेच आहे. मराठीत दिवा उजळतो आणि भिंतही उजळते. एकच क्रियापद दोघांना पुरते. पण दिवा स्वतः किरण देतो, तो ‘रेडिएट’ करतो. भिंतीवर ते नुसते पडतात, ती ‘इरॅडिएट’ होते. यंत्राने बाहेरून किरण दिले, तर रोगी भिंतीसारखा असतो. यंत्र थांबले की किरण संपले. त्याला जवळ घेण्यात, त्याच्याबरोबर जेवण्यात काहीच धोका नसतो.

कांद्याचेही तसेच. नाशिक जिल्ह्यात लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचे ‘कृषक’ हे केंद्र २००२ मध्ये सुरू झाले. कोंब फुटू नयेत म्हणून तिथे कांद्याला कोबाल्ट-६० चे गॅमा किरण देतात. २००७ मध्ये तिथूनच किरण घेऊन आपला आंबा अमेरिकेला गेला. तो कांदा किंवा आंबा काही किरण फेकत बसत नाही.

मात्र थायरॉइडच्या कर्करोगात कधीकधी किरणोत्सारी आयोडीन पोटातून देतात. तेव्हा रोगी काही काळ दिवा होतो. म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस मुलांपासून आणि गर्भवतींपासून अंतर राखावे लागते.

तेव्हा हा शब्द कुणाच्या घरी आलाच, तर हलक्या आवाजात कुजबुजत बसू नये. डॉक्टरांना सरळ विचारावे, ‘किरण बाहेरून देणार, की औषध पोटात?’ उत्तर मिळाले, की कुणाला किती दिवस दूर ठेवायचे हे कळते. आणि बहुतेक वेळा कुणालाच दूर ठेवायचे नसते, हेही कळते.