एकदा स्वतः कापून पाहा: वर्गात रीमिक्स कशासाठी?

पैज लावते, तुमच्या मोबाइलमध्ये आत्ता एक तरी अशी क्लिप असेल. सिनेमा इंग्रजी नाहीतर तेलुगू, हिरो रागानं लाल झालेला, आणि तोंडातून निघतंय, "काऊन बे, पऱ्हाटीले पाणी सोडलं का नाही?" अमरावती-अकोल्याकडच्या ग्रुपवर वऱ्हाडी डबिंगच्या या क्लिपा रोज फिरतात. आपण पोट धरून हसतो आणि पुढे पाठवतो. हिरो खरंच असं बोलला असेल, असं कुणालाही वाटत नाही.

यालाच रीमिक्स म्हणतात. दुसऱ्यानं तयार केलेलं चित्र, आवाज किंवा मजकूर घ्यायचा, कापायचा, जोडायचा आणि त्यातून नवा अर्थ उभा करायचा. आपली पोरं यात तरबेज आहेत, हे सांगायला कोणत्याही संशोधनाची गरज नाही.

मग प्रश्न असा की, डबिंगच्या क्लिपला न फसणारे आपण दुसऱ्या एखाद्या कापलेल्या क्लिपला इतक्या सहज कसे फसतो? मी एमएस्सी वनस्पतीशास्त्रात केली आणि नंतर पीएचडीसाठी शिक्षणशास्त्राकडे वळले. माझं काम याच प्रश्नाच्या आसपास आहे. आज त्यातला एक तुकडा सोपा करून सांगते: शाळेत मुलांकडून रीमिक्स करून घेतलं, तर त्यांना खोटी माहिती ओळखायला मदत होते का?

कापलेला शेवट

आधी एक जुनी घटना आठवू या. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाची काही माणसं तिथं भिक्षा मागायला आली होती, त्यातली बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातली. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशी अफवा व्हॉट्सअॅपवर आधीपासून पसरलेली होती. त्यांच्यातला एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला आणि जमाव जमला. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाच जणांना मारून टाकण्यात आलं.

त्याच काळात देशभर एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत मुलं खेळतायत, मोटारसायकलवर दोघं येतात, मागचा माणूस एका पोराला उचलतो आणि गाडी पळते. आपल्याकडे पोहोचलेला व्हिडिओ इथंच संपायचा. मूळ व्हिडिओ मात्र कराचीतल्या, हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेनं जनजागृतीसाठी बनवला होता. त्यात ती गाडी परत येते, मुलाला खाली सोडते आणि मागचा माणूस एक फलक उघडून दाखवतो. मूल पळवायला क्षणभरच लागतो, लक्ष ठेवा, असा त्याचा अर्थ. कुणीतरी तो फलक कापला. सावध करणाऱ्या चित्रफितीचा असा 'पुरावा' झाला, आणि तोही भारतातला.

यात खोटं काहीही तयार केलेलं नाही, हे लक्षात घ्या. एकही फ्रेम बनावट नाही. फक्त शेवटचे काही सेकंद गेले.

त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपनं भारतात एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल, अशी मर्यादा घातली. त्यानं वेग थोडा कमी होतो, बघणाऱ्याची नजर बदलत नाही. आणि अफवा म्हणजे काय, हे अमरावतीकरांना वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०२१ मधली संचारबंदी आणि बंद पडलेलं इंटरनेट आपण सगळ्यांनी पाहिलंय.

मराठी वाक्य कापायला फार सोपं

आपल्या भाषेची एक गंमत बघा. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार बहुतेक वेळा त्याच्याही मागे. एखाद्या मुख्याध्यापकांनी भाषणात म्हटलं, "परीक्षेच्या काळात मुलांनी खुशाल मोबाइल वापरावा, असं मी म्हणत नाही." शेवटचे चार शब्द कापा. आता सर काय म्हणतायत?

इंग्रजीत 'आय डोन्ट' सुरुवातीलाच येऊन जातं. मराठीत बोलणारा अख्खं वाक्य उभं करतो आणि शेवटी उलटवतो. त्यामुळे मराठी भाषणाची क्लिप शेवटच्या शब्दांआधी थांबली, तर ती बरोबर उलटा अर्थ घेऊन फिरू शकते. हे फळ्यावर लिहून मुलांना सांगितलं की मुलं मान डोलावतात आणि विसरतात. तेच त्यांच्या हातून कापून घेतलं की विसरत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

बिबट्या कसा आला

हा अनुभव आठवीच्या एका वर्गातला. माझ्या प्रबंधाचा विदा नाही, नुसती करून पाहिलेली गोष्ट, म्हणून त्याच मापानं घ्या.

साहित्य: एक फोन आणि त्यातलं व्हिडिओ कापायचं साधं फुकट अॅप. मुलांनी मला एक मिनिट बोलताना रेकॉर्ड केलं. मी म्हणाले, "रात्री आपल्या गावाजवळ बिबट्या आला, असा मेसेज कुणी पाठवला, तर आधी वनविभागाला फोन करून विचारा. लगेच पुढे पाठवू नका." एका गटाला सांगितलं, यातला एकही शब्द नवीन न घालता वेगळी बातमी तयार करा. दुसऱ्या गटाला बाहेर व्हरांड्यात बसवलं.

पोरांना वीस मिनिटं पुरली. माझ्या आवाजातलं "रात्री आपल्या गावाजवळ बिबट्या आला" एवढंच ठेवलं. त्याला एका पोराच्या घरच्या फोनमधलं अंधाऱ्या रस्त्याचं चित्रण जोडलं, त्यात कुत्र्याचे डोळे चमकत होते. शेवटी "पुढे पाठवू नका" मधले पहिले दोनच शब्द चिकटवले: "पुढे पाठवू". 'नका' गेला.

बाहेरचा गट आत आला, क्लिप पाहिली आणि एकच कल्ला झाला. "मॅडम, तुमीच तं सांगून राहिल्या का बिबट्या आला म्हणून!" मग मूळ रेकॉर्डिंग लावलं. पोरं आधी हसली, मग गप्प झाली. मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "म्हंजे आवाजही खरा, चित्रही खरं, तरी गोष्ट खोटी?"

मी तासभर भाषण देऊनही हे वाक्य तिच्याकडून आलं नसतं. माझ्या मते वर्गातल्या रीमिक्सचा गाभा एवढाच आहे. 'फोटो खरा की खोटा' याच्या पुढचा प्रश्न मुलांना पडायला हवा: याच्या आधी काय होतं? नंतर काय होतं? हे चित्र आणि हा आवाज एकाच वेळचे आहेत का?

आता माझी चूकही सांगते. तास संपल्यावर मी क्लिप फोनवरून काढली नाही. फोन ज्याच्या घरचा होता त्यानं ती कौतुकानं काकाला पाठवली. संध्याकाळी मला एका पालकांचा फोन: "मॅडम, बिबट्या कुठं दिसला म्हणता?" तोवर क्लिप गावाच्या ग्रुपवर पोहोचली होती. मी लगेच खुलासा पाठवला, दुसऱ्या दिवशी शाळेत माफी मागितली. नुकसान काही झालं नाही, पण रात्रभर झोप आली नाही. राईनपाड्याबद्दल वाचलेलं सगळं डोळ्यांपुढे होतं.

तेव्हापासून माझे नियम पक्के आहेत. क्लिपवर पहिल्या फ्रेमपासून शेवटच्या फ्रेमपर्यंत मोठ्या अक्षरात 'वर्गातील सराव, खोटी बातमी' असं लिहिलेलं हवं, तेही चित्रातच, खालच्या ओळीत नाही, कारण खालची ओळ फॉरवर्ड करताना काढून टाकता येते. फोन शाळेचा किंवा शिक्षकाचा. तास संपायच्या आत क्लिप मुलांसमोर डिलीट. आणि विषय धर्म, जात किंवा मूल पळवणं यांपैकी कधीच नाही.

संशोधन काय म्हणतं?

थोडं फसवून मोठ्या फसवणुकीपासून वाचवायचं, ही कल्पना जुनी आहे. १९६० च्या दशकात विल्यम मॅग्वायर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं ती लसीच्या उपमेनं मांडली: विचारांनाही कमजोर केलेल्या विषाणूची मात्रा देता येते. २०१८ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर एक ऑनलाइन खेळ आणला. त्यात खेळणारा स्वतःच खोट्या बातम्या पसरवणारा बनतो आणि त्यामागच्या युक्त्या शिकतो. युरोपात त्याचे निकाल चांगले आले. अशाच धर्तीवरचा, व्हॉट्सअॅपला साजेसा खेळ उत्तर भारतात तपासला गेला. २०२३ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला: लक्षणीय परिणाम दिसला नाही.

दुसरा अभ्यास सुमित्रा बद्रीनाथन यांचा. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी बिहारमध्ये १,२२४ जणांबरोबर त्यांनी प्रयोग केला. काही जणांना घरी जाऊन तासभर प्रशिक्षण दिलं, खोटी बातमी कशी तपासायची ते दाखवलं. सरासरी फरक पडला नाही. उलट सत्ताधारी पक्षाच्या समर्थकांना प्रशिक्षणानंतर आपल्या बाजूच्या खोट्या बातम्या ओळखणं आणखी जड गेलं. आपल्या बाजूचं कुणी तपासायला सांगितलं की माणूस कवच घालतो, असं यातून वाटतं. ते कोणत्याही पक्षाच्या माणसाबाबत होऊ शकतं.

मी हे वाचलं तेव्हा विषयच बदलावा की काय, असं वाटलं होतं. मग तिसरा अभ्यास आला, बद्रीनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचाच, पुन्हा बिहारमध्ये. या वेळी ५८३ गावं, सुमारे १३,५०० विद्यार्थी, सरकारी यंत्रणेची साथ आणि चार महिन्यांचा अभ्यासक्रम. भर आरोग्याविषयीच्या खोट्या माहितीवर. शिकलेली मुलं खरं-खोटं ओळखण्यात लक्षणीय सरस ठरली. चार महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर परिणाम टिकून होता आणि राजकीय विषयांतल्या खोट्या माहितीपर्यंतही पोहोचला होता. मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे, या मुलांचे आईवडीलही खरं-खोटं ओळखण्यात सुधारले.

तिन्ही अभ्यास शेजारी ठेवून मी घेतलेला धडा असा: एका तासात काही होत नाही, वय लहान असलेलं बरं, आणि सुरुवात राजकारणापासून नको. यातला कोणताही अभ्यास वर्गातल्या रीमिक्सची थेट परीक्षा नाही, हे नोंदवून ठेवते. रीमिक्स ही शिकवण्याची पद्धत झाली, तिला वेळापत्रकात जागा मिळाली तरच अर्थ आहे. 'मीडिया साक्षरता दिन' म्हणून एका शनिवारी उरकायची ती गोष्ट नाही.

सगळंच खोटं नसतं

एक धोका उरतो. दोन-तीन तासांनंतर मुलं म्हणू लागतात, "मॅडम, सगळ्याच क्लिपा फेक असतात." हे शहाणपण नव्हे. प्रत्येक गोष्टीवर संशय घेणाराही तितकाच सहज फसतो, कारण मग तो आपल्या आवडीचं तेवढं खरं मानतो.

इथं मी मुलांना दादासाहेब फाळक्यांची गोष्ट सांगते. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याच्या आधी, १९१२ मध्ये, त्यांनी वाटाण्याच्या रोपाच्या वाढीची छोटी फिल्म केली होती. रोज थोडं थोडं चित्रण करायचं आणि सलग दाखवायचं. मधला सगळा वेळ कापलेला. तरी ती फिल्म खोटी नाही. उलट डोळ्यांना न दिसणारं सत्य त्या कापण्यामुळेच दिसलं. वनस्पतीशास्त्रवालीला हे उदाहरण सुचणारच! पुढे फाळक्यांनी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारीही फिल्म बनवली. पडद्यामागची कात्री त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच लोकांना दाखवली होती.

म्हणून मी एक तास मूग भिजत घालून, रोज एक फोटो काढून, असं खरं रीमिक्सही करून घेते. प्रश्न 'हे कापलंय का?' हा नाही. कापलेलं सगळंच असतं, बातम्यासुद्धा. प्रश्न हा की, कापल्यामुळे अर्थ बदलला का, आणि तो कुणाच्या सोयीचा झाला?

शिक्षक हमखास विचारतात, "सिनेमाचा तुकडा वापरला तर कॉपीराइटचं काय?" १९५७ च्या आपल्या कॉपीराइट कायद्यात, कलम ५२ मध्ये, शिक्षक किंवा विद्यार्थ्यानं शिकवण्याच्या ओघात केलेल्या पुनरुत्पादनाला सूट आहे. २०१६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही 'शिकवण्याच्या ओघात'चा अर्थ व्यापक धरला. पण ती सूट शिकवण्यापुरती. क्लिप यूट्यूबवर टाकली की गोष्ट वेगळी. आणि स्वतः चित्रित केलेलं वापरलं तर हा प्रश्नच उरत नाही.

तुम्ही शिक्षक नसाल तरी आज रात्री घरी एवढं करून पाहा. पोराला सांगा, तुमचं अर्ध्या मिनिटाचं बोलणं रेकॉर्ड कर आणि फक्त कापून त्याचा उलटा अर्थ करून दाखव. तो पाच मिनिटांत करेल. मग दोघं मिळून ती क्लिप डिलीट करा. उद्या ग्रुपवर काही धक्कादायक आलं की तोच तुम्हाला विचारेल, "बाबा, याचा शेवट कुठाय?"