काटकसर कशाची?

वृत्तपत्र हा धर्म की धंदा, हा वाद जुना आहे. धर्म मानला तरी कागदाची बिले आणि नोकरांचे पगार चुकत नाहीत. तेव्हा तोट्यातील पत्राच्या चालकांनी काटकसर केली, तर त्यांना दोष देता येणार नाही. प्रश्न आहे तो काटकसर कशात करावयाची, हा.

या धंद्याचे अर्थकारण काहीसे निराळे आहे. बातमी मिळविण्याचा आणि पारखण्याचा सारा खर्च पहिल्या प्रतीवरच होऊन जातो; पुढील प्रतींना लागतो तो कागद, शाई व वाहतूक. वाचक देतो त्या किमतीत पुष्कळदा एवढेही भागत नाही. उरलेला भार जाहिरातदार उचलतो. तो इंटरनेटकडे वळला, की सारी घडी विसकटते.

अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात हेच घडले. तेथील ‘टाइम्स-पिकायून’ हे १८३७ साली निघालेले पत्र. २००५ च्या कतरिना वादळात शहर पाण्याखाली गेले, तरी त्याच्या बातमीदारांनी काम थांबविले नाही. त्याबद्दल २००६ मध्ये त्याला पुलित्झर पारितोषिके लाभली. परंतु जाहिरातींचे उत्पन्न घटत गेले आणि ऑक्टोबर २०१२ पासून चालकांनी अंक आठवड्यातून तीनच दिवस छापावयाचे ठरविले. सुमारे २०० कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या.

कागद वाचला, पगारही वाचले. पण रोज सकाळी अंक हाती घेण्याची वाचकाची सवय मोडली. ही सवय हेच वृत्तपत्राचे खरे भांडवल, आणि ते ताळेबंदात कोठेच दिसत नाही. शेजारच्या बॅटन रूझ शहरातील ‘ॲडव्होकेट’ने ही उणीव हेरून त्याच वर्षी न्यू ऑर्लिन्ससाठी दैनिक आवृत्ती काढली. २०१९ मध्ये ‘ॲडव्होकेट’च्या मालकांनीच ‘टाइम्स-पिकायून’ विकत घेतले.

छपाई दुसऱ्याकडून करून घेता येते, पुरवण्या आटोपत्या घेता येतात. पण नगरपालिकेच्या सभेत आणि न्यायालयात जाऊन बसणारा बातमीदारच कमी केला, तर मागे उरतो तो नुसता छापील कागद. बियाणे दळून खाणाऱ्या शेतकऱ्याचा एक हंगाम निभावतो. पुढच्या पेरणीचे काय?

हा प्रश्न एकट्या चालकांचा नव्हे. अंक स्वस्तात मिळावा आणि बातमी मात्र निर्भीड असावी, अशी अपेक्षा बाळगणाऱ्या वाचकानेही हा हिशेब एकदा मांडून पाहावा. बातमीचे मोल आपण देणार नसू, तर ते दुसरा कोणी तरी देईल. आणि मोल देणाऱ्याचा शब्द मोडणे सोपे नसते.