डोक्यावरची रिकामी जागा कामाला लावा!

घरात जागाच नाही, असं म्हणताना आपण नेहमी जमिनीकडे पाहतो. एकदा वर पाहा. साडेनऊ फूट उंच खोलीतलं कपाट सात फुटांवर संपलं, तर वरचे अडीच फूट रिकामेच राहतात. जुन्या घरांत पोटमाळा ही जागा सांभाळायचा. आज तेच काम हलके, जोडायला सोपे रॅक करू शकतात.

हलका माळा म्हणजे काय?

सिमेंटचा माळा भिंतीत रोवावा लागतो. हलका माळा मात्र स्वतःच्या पायांवर उभा राहतो. कोपऱ्यांत छिद्रं असलेले लोखंडी अँगल, त्यांना नटबोल्टने जोडलेल्या आडव्या पट्ट्या आणि वर प्लायवूड. खालच्या जागेत कपाट किंवा टेबल राहतं, वर सामान. गोदामांत तर अशाच रॅकच्या खांबांवर अख्खा दुसरा मजला उभारतात. तुमची बदलीची नोकरी असेल, भाड्याचं घर असेल, तर हा माळा सुटा करून सोबत नेता येतो.

आधी वजन, मग माप

सामानाचा आकार पाहून फसू नका. गाद्या, उशा, रिकाम्या बॅगा भरपूर जागा खातात, पण वजनाला हलक्या असतात. उलट ए-फोर कागदाचं एक रिम साधारण 2.3 किलोचं असतं, म्हणजे दहा रिमांचा छोटा खोका 23 किलोंचा! पुस्तकांचंही तसंच. म्हणून हलकं वर, जड खाली.

फळीला आधार किती अंतरावर आहे, हेही पाहा. वजन तेवढंच ठेवून आधारांमधलं अंतर दुप्पट केलं, तर फळी सुमारे आठपट वाकते. त्यामुळे 18 मिमी प्लायवूड वापरलं तरी दर दीड-दोन फुटांवर खाली आडवी पट्टी हवी.

या गोष्टी विसरू नका

• उंच रॅक पुढे कलंडू शकतो. तो क्लॅम्पने भिंतीला बांधाच. भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर साधे स्क्रू सैल होतात. हार्डवेअरच्या दुकानात त्या ब्लॉकसाठीचेच फास्टनर मागा.
• पुढच्या कडेला दोन-तीन इंचांची पट्टी लावा. सामान घसरणार नाही.
• पलंगाच्या उशाशी किंवा पाळण्यावर माळा नको. पंख्याच्या पात्यांपासूनही तो लांब ठेवा.
• स्विचबोर्ड झाकला जाऊ देऊ नका. शेगडीच्या वर तर काहीच रचू नका.
• खुर्चीवर स्टूल ठेवून चढू नका. घरात छोटी शिडी ठेवा. आजी-आजोबांना रोज लागणारी वस्तू वर नकोच.
• माळ्यावर माणूस चढणार असेल, तर तो माळा राहत नाही, मजला होतो. त्यासाठी स्ट्रक्चरल इंजिनीअरचा सल्ला आणि घरमालक किंवा सोसायटीची परवानगी घ्या.

माळा भरला की मोबाइलवर त्याचा फोटो काढा आणि प्रत्येक खोक्यावर आत काय आहे ते लिहा. दिवाळीच्या साफसफाईत नटबोल्ट घट्ट करा. आणि सलग दोन दिवाळ्या एखादं खोकं उघडलंच नसेल, तर ते पुन्हा वर चढवू नका. त्यातल्या वस्तू ज्यांना उपयोगी पडतील, त्यांच्याकडे पोहोचवा.